मानाची गाडी

आमच्या गावात पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी उत्तमरावांची जाते. कधीपासून, हे कुणी विचारत नाही. विचारलं की उत्तमराव सांगायला बसतात आणि पार निजामाच्या काळापर्यंत जाऊन येतात, तोवर विचारणाऱ्याचा चहा गार होतो.

गाव अंजनगाव सुर्जीच्या जरा अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत. माझी पिठाची चक्की आखराला लागून आहे. आखर म्हणजे गावची गुरं सकाळी जमायची ती मोकळी जागा. आता तिथे गुरांपेक्षा मोटरसायकली जास्त जमतात, पण पोळा अजून तिथेच भरतो. त्यामुळे उत्तमरावांचा मान मला दरवर्षी अगदी जवळून आणि फुकटात पाहायला मिळतो. शिवाय झडत्या म्हणायचं काम माझ्याकडे आहे. झडती म्हणजे तोरणासमोर उभं राहून, यमक जुळवून, गावातल्या मोठ्या माणसांची चारचौघांत काढलेली खरडपट्टी. त्या दिवशी कुणी रागवायचं नाही असा रिवाज आहे, म्हणून लोक दुसऱ्या दिवशी रागावतात.

या मानाला एक अट आहे. ज्या वर्षी त्या घराची जोडी आखरावर आली नाही, त्या वर्षी मान पुढच्या घराकडे जातो आणि परत येत नाही. पुढचं घर जानरावांचं. जानराव उत्तमरावांचे चुलतभाऊ. दोघांच्या शेतांना एकच धुरा, म्हणजे बांध, आहे आणि त्या धुऱ्यावरून दोघांचे वडील भांडले, मग हे भांडले. जानरावांचा अख्खा जन्म पोळ्याच्या रांगेत दुसऱ्या नंबरवर गेला. समोर कायम उत्तमरावांच्या बैलांच्या शेपट्या. माणसाने किती वर्षं तेच पाहायचं?

ते बैल मात्र पाहण्यासारखेच होते. तांबूस अंगाचा आणि कान फाटलेला तो शेंद्र्या, आणि पांढरा, एक शिंग जरा आत वळलेलं, तो नवल्या. पोळ्याच्या दिवशी उत्तमराव कासरा खांद्यावर टाकत, बैलांकडे पाठ करत आणि म्हणत, "चाल बापू." एवढंच. कासरा कधी ओढला नाही, कधी हाकलले नाहीत. ते पुढे आणि बैल त्यांच्या पाठीला श्वास लावून मागे. तोरणाखालून, मारुतीसमोरून, थेट घरच्या दारात, बायको माणिकबाईंच्या ताटापर्यंत. या सगळ्या वाटेत उत्तमराव एकदाही मागे वळून पाहत नसत. "मानाचा मानूस मांगं पायत नसते," असं ते सांगायचे. ही मान ताठ ठेवायची सवय त्यांना बाकीचे दिवसही होती, त्यामुळे गावात ते बऱ्याच जणांना धडकत.

तर हेच बैल उत्तमरावांनी उन्हाळ्यात विकले.

कारणं शहाण्यासारखी होती, ते मला मान्य आहे. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. सालदार म्हणून राहायला कुणी तयार नाही. बैल नुसते उभे राहून कुटार खातात. आणि मुलगा शुभम नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात लागला होता, त्याला रोज जायला-यायला गाडी हवी होती. जुनी गाडी होती घरात, पण ती बापाची, आणि तिला दुधाची कॅन अडकवायचे आकडे होते. अशा गाडीवर कारखान्याच्या फाटकातून आत जायला शुभमला लाज वाटायची. त्याने मोबाइलवर एक गाडी पाहून ठेवली होती. ती तो जेवताना पाहायचा, झोपताना पाहायचा, आणि एकदा म्हणे लघवीला गेला तिथेही पाहत होता.

बैल अंजनगावच्या बाजारात दलालाच्या हाती दिले, त्यात संत्र्याचे पैसे घातले आणि बापलेक गाडी आणायला अकोल्याला गेले. अमरावतीत हवा तो राखाडी रंग नव्हता. मे महिन्यात अकोल्याला नुसत्या रंगासाठी जाणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत.

"काका, रोजच्या वापराले यापेक्षा चांगली गाडी नाही," शोरूममधल्या पोराने उत्तमरावांना सांगितलं. "ना लय भारी, ना लय हलकी. दोन सिलिंडर आहेत. नेकेड आहे."

"म्हंजे?"

"म्हंजे वरून काही झाकलं नाही. इंजिन, नळ्या, सारं उघडं."

हे उत्तमरावांनीच आम्हाला नंतर पारावर सांगितलं, आणि असं सांगितलं जणू गाडी त्यांच्याच सल्ल्याने बनवली होती. घरी मात्र त्यांचं स्वागत वेगळं झालं. माणिकबाई ओवाळायला ताट घेऊन आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि नवऱ्याला विचारलं, "एवढा पैसा देल्ला अन् त्यायनं तिले कपडे नाही घालून देल्ले काय?"

खोटं कशाला बोलू, गाडी चांगली होती. गोल दिवा, बसकी टाकी, चालू केली की छातीत घुमणारा आवाज. शुभम तिच्यावर रोज नांदगाव पेठेला जाई आणि येई, एक दिवस खाडा नाही. चिखलदऱ्याच्या घाटात नेऊन तिचे फोटोही काढले, स्वतःपेक्षा तिचे जास्त. पण घराला तिचा उपयोग काय, हे कुणाला सापडेना. ढेपेचं पोतं ठेवायला मागे जागा नाही. दुधाची कॅन अडकवायला काही नाही. मागची सीट तळहाताएवढी आणि उंच. माणिकबाई एकदा तिच्यावर बसून अंजनगावला गेल्या आणि परत येताना ऑटोनं आल्या. "बैलाच्या वशिंडावर बसली असती तं बरं झालं असतं," त्या मला चक्कीवर म्हणाल्या.

उत्तमरावांनी मात्र गाडी गोठ्यात ठेवायला लावली, बरोबर शेंद्र्याच्या जागेवर. आरशाला घुंगरं बांधली. आल्यागेल्याला गोठ्यात नेऊन दाखवायचे आणि टाकीवर थोपटायचे. बैल विकल्याचं दुःख झालं असेलही. पण गावातली सगळ्यात मोठी गाडी आपली आहे, हे कळल्यावर ते फार दिवस टिकलं नाही.

पोळा येतो हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर पोळ्याशिवाय दुसऱ्या कशाचा अभिमान बाळगला नाही, तो पोळाच विसरला.

आठवण करून दिली जानरावांनी. श्रावणात एका संध्याकाळी सगळे पारावर बसले होते, मीही होतो, आणि जानराव अगदी गोड आवाजात म्हणाले, "उत्तम, औंदा पोळ्याले काय आनतं रे?"

उत्तमराव पान लावत होते. चुना लावलेलं बोट तसंच राहिलं. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की हा प्रश्न त्यांना आत्ता पहिल्यांदा पडलाय. सरपंच गोपालभाऊ तिथेच होते. ते भांडण मिटवण्यात हुशार, म्हणजे भांडण वाढायच्या आत उठून जातात. त्यांनी सुचवलं, "एका दिवसापुरती कोनाची जोडी आना ना मांगून."

"कावून?" उत्तमराव तडकले. "दुसऱ्याची जोडी फिरवली तं मान त्या दुसऱ्याचा. ज्याचे बैल त्याचा मान, हा रिवाज माह्या आज्यानं घालून देल्ला. अन् मी काय गडी आहे कोनाचा, दुसऱ्याचे बैल फिरवाले?"

"मंग?"

उत्तमरावांनी पान तोंडात टाकलं, सावकाश चावलं, आणि म्हणाले, "गाडी आनतो."

पारावर कुणी हसलं नाही, कारण सगळे एकमेकांच्या हसण्याची वाट पाहत होते. गोपालभाऊ म्हणाले, "जोडी लागते, उत्तमराव. गाडी तं एकच आहे."

"दोन सिलिंडर आहेत तिच्यात. शुभमले विचारा. दोघं संगंच वढतात. जोडी म्हंजे अजून काय असते?"

मला वाटलं आता जानराव उठतील, आवाज चढवतील, निदान धुऱ्याचा विषय काढतील. ते म्हणाले, "बराबर आहे त्याचं. आनू द्या गाडी. जमाना बदलला."

जानराव उत्तमरावांना 'बरोबर' म्हणाले, हे गावाने पहिल्यांदा ऐकलं. मला त्याच वेळी शंका यायला हवी होती. पण माझ्या डोक्यात झडती जुळायला लागली होती आणि ती सुरू झाली की मला दुसरं काही दिसत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा दुखतो, म्हणून तो गरम पाण्याने शेकायचा, त्याला तूप-हळद चोळायची आणि बैलाला उद्याचं जेवायचं आवतण द्यायचं. मी पुरणपोळीची कणीक द्यायला उत्तमरावांकडे गेलो होतो. माणिकबाई गोठ्यात वाटी घेऊन उभ्या होत्या आणि गाडीकडे बघत होत्या.

"शुभम, हिचा खांदा कुठं असते रे?"

शुभम मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, "गाडीले खांदा नसते, आई."

"जोर कशावर येते मंग?"

"सारा जोर या डिस्कवर येते." त्याने पायाच्या अंगठ्याने पुढच्या चाकातली चकचकीत गोल तबकडी दाखवली. "हे नसलं तं गाडीचं काही खरं नाही." एवढं सांगून तो फुगे आणायला निघून गेला.

माणिकबाईंना हवं ते उत्तर मिळालं. जिथे सारा जोर येतो तो खांदा, यात चूक काय? मलाही ते पटलं. मी सायकलवाला माणूस, तिचे ब्रेक रबराचे असतात. माणिकबाईंनी तबकडी कोमट पाण्याने शेकली, पळसाच्या पानाने तूप-हळद घेतली आणि आतून, बाहेरून, बोटं घालून, जिथे बोटं जात नव्हती तिथे काडी घालून चोळली. चांगलं घरचं तूप होतं. मग त्यांनी टाकीवर हात ठेवला आणि दरवर्षीसारखं म्हणाल्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "हळद गेली डोळ्यात." मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गाडीचा थाट काही विचारू नका. टाकीवर भरजरी झूल, दिव्यावर बाशिंग, दोन्ही आरशांना शिंगांसारखा हिंगूळ आणि बेगड, हँडलला कासरा. पूजेच्या आधी धूर नको म्हणून उत्तमरावांनी ती घरापासून आखरापर्यंत ढकलत आणायला लावली. पुढे ते स्वतः, पिवळा फेटा, खांद्यावर कासरा. मागे शुभम आणि त्याचे मित्र घामाघूम. रोजच्या वापराची गाडी, आणि सणाच्या दिवशी तिला चार जण लागत होते.

आखरावर तोरण बांधलेलं होतं. त्याच्या एका खांबाजवळ गुरांना पाणी प्यायचा सिमेंटचा हौद आहे आणि त्याच्याभोवती कायमचा चिखल. बैलजोड्या मोजक्याच होत्या. बघे मात्र भरपूर, आणि बहुतेक जण मोटरसायकलीवर बसून बैलांचा सण बघत होते. पहिल्या जागी गाडी उभी राहिली. शुभम वर बसला, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून. लोक फोटो काढू लागले आणि उत्तमरावांची मान आणखी ताठ झाली.

तेवढ्यात जानराव आले.

त्यांच्या मागे जोडी होती. नवी झूल, नव्या घुंगरमाळा, शिंगं गडद हिरवी रंगवलेली. उत्तमरावांच्या घरी शिंगं कायम लाल असायची, म्हणून बहुतेक जानरावांना वाटलं असावं की रंग बदलला म्हणजे बैल बदलले. पण एकाचा कान फाटलेला होता आणि दुसऱ्याचं शिंग आत वळलेलं होतं. लहान पोरांनीही ओळखले. शेंद्र्या आणि नवल्या दुसऱ्या नंबरवर येऊन उभे राहिले, बरोबर त्या गाडीच्या मागे जी त्यांना विकून आणली होती.

उत्तमरावांनी बघितलं. त्यांचा ओठ हलला. मग अगदी परक्या माणसासारखं विचारलं, "कोनाचे बैल आहेत हे?"

"माहे," जानराव म्हणाले.

"कवा घेतले?"

"उन्हाळ्यात. अंजनगावच्या बाजारातून. तवापासून पोरीच्या गावाले ठेवले होते." जानराव थोडं थांबले, कारण पुढचं वाक्य त्यांनी बरेच दिवस जपून ठेवलं असणार. "इकनाऱ्यानं लय सस्त्यात देल्ले. त्याले किंमत नव्हती वाटते."

माणसाचा असा हलकटपणा मी फार जवळून पाहिला, आणि खरं सांगतो, तो मला आवडला. उत्तमरावांची कीवही आली. दोन्ही एकाच वेळी कसं, ते मला विचारू नका. शेंद्र्या मान पुढे काढून उत्तमरावांचा वास घेऊ लागला, तेव्हा उत्तमरावांनी पाठ फिरवली. मानाच्या माणसाला तेवढीच एक गोष्ट येत होती.

माझी पाळी आली. मी पुढे झालो आणि जुळवलेली झडती म्हटली:

"बैल गेले बाजारात, गाडी आली दारात,
शेन नाही, गोमूत नाही, धूर तेवढा घरात.
एका टाकीत पाजली दोन सिलिंडरची जोडी,
खाईन म्हने पेट्रोल, पन कडब्याले ना तोडी."

लोकांनी महादेवाच्या नावाने आरोळी ठोकली. उत्तमराव समोर बघत होते. त्यांनी कासरा खांद्यावर नीट केला. आता गाडीने आवाज करायचा आणि पहिलं तोरणाखालून जायचं, असं बापलेकांचं ठरलेलं होतं. शुभमने गाडी चालू केली. डफडं वाजायला लागलं. आणि उत्तमराव सवयीने, दरवर्षी म्हणायचे तसंच म्हणाले, "चाल बापू."

गाडीला ते कळलं नाही. बैलांना कळलं.

शेंद्र्या आणि नवल्याने मान खाली घातली आणि सरळ चालायला लागले. जानरावांच्या हातातला कासरा सुटला, त्यांनी तो धरायला हात टाकला तो हवेतच राहिला. शुभमने गाडी जेमतेम हलवली होती, तर डावीकडून शेंद्र्या आणि उजवीकडून नवल्या. त्याने घाबरून पुढचा ब्रेक दाबला. ब्रेकवर तूप होतं. गाडी थांबेना म्हणून त्याने मूठ आणखी आवळली, त्याच मुठीत अॅक्सिलरेटर, त्यामुळे गाडी थांबायच्या ऐवजी पळाली. दोन्ही पाय जमिनीवर फरफटत, बाशिंग उडालं, झूल मागच्या चाकात गेली, आणि ती मानाची गाडी तोरणाच्या खांबाला बाहेरून वळसा घालून हौदाजवळच्या चिखलात घुसली आणि बंद पडली. कुणाला खरचटलंही नाही. शुभम चिखलात बसला होता आणि आधी त्याने गाडीकडे बघितलं, मग स्वतःकडे.

या सगळ्या गोंधळात उत्तमरावांनी मागे पाहिलं नाही. गाडीचा कासरा त्यांच्या खांद्यावरून केव्हाच घसरला होता. लोक ओरडत होते, पण पोळ्याला लोक ओरडतातच. त्यांना पाठीवर ओळखीचा गरम श्वास लागत होता आणि ते ताठ मानेने चालत होते. तोरण आलं. ते त्याखालून गेले, पाठोपाठ बैल गेले, नवल्याच्या शिंगात अडकून तोरण तुटलं आणि पोळा फुटला. मग टाळ्या ऐकू आल्या, त्यात हसणं जास्त होतं, तेव्हा उत्तमराव थबकले. नवल्याने त्यांच्या काखेत तोंड घातलं.

"बैल माहे आहेत," जानराव धापा टाकत आले. "मान माहा."

"बैल माह्यामांगं आले," उत्तमराव म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

दोघांनी गोपालभाऊंकडे पाहिलं. ते निघायच्या बेतात होते, पण गर्दीमुळे वाट मिळाली नाही. "आता उत्तमराव," ते म्हणाले, "ज्याचे बैल त्याचा मान, हे तुमीच बोल्ले पारावर. तुमच्या आज्याचा रिवाज आहे."

इतक्या वर्षांचा मान उत्तमरावांच्याच शब्दांनी गेला होता. जानरावांनी छाती काढली आणि कासरा हातात घेऊन ओढला. बैलांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोळा फुटला होता, आता मारुती आणि मग घर, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते निघाले. पुढे बैल, कासऱ्याला लोंबकळत जानराव, त्यांच्या मागे उत्तमराव, आणि मागे अख्खं गाव. आपला पहिला मान जानरावांनी असा पळत पळत मिळवला.

बैल उत्तमरावांच्या दारात थांबले. माणिकबाई गाडीसाठी ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हिरवी शिंगं पाहिली, फाटका कान पाहिला, आणि ताट खाली ठेवून तांब्यातलं पाणी बैलांच्या खुरांवर ओतलं. ओवाळलं, कुंकू लावलं आणि पुरणपोळ्या एकेक करून त्यांच्या तोंडात दिल्या.

"वहिनी, माहे बैल आहेत ते," जानराव म्हणाले.

"असतीन. काल आवतण देल्लं मी. आज आले जेवाले." त्यांनी शेवटची पोळी नवल्याला दिली. "गाडी काही आली नाही."

मग नवऱ्याकडे वळून त्या हळू आवाजात म्हणाल्या, पण आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं, "जनावराले कळते कुठं जेवाचं. तुमाले घरात कोन जेवते तेबी कळलं नाही."

उत्तमराव दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. त्यांना रडू येत होतं आणि फेटा घालून रडायचं कसं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

जेवण झालं तरी बैल हलेनात. जानरावांनी ओढलं, त्यांच्या भाच्याने ढकललं, शेपटी पिळली, तेव्हा शेंद्र्याने त्याला लाथ दाखवली. बैल सरळ गोठ्याकडे वळायला लागले, त्यांच्या जुन्या जागेकडे. शेवटी जानराव अंगणात उभे राहून इकडेतिकडे बघू लागले. मान मिळाला होता, पण तो घरी नेता येत नव्हता. उत्तमरावांनी त्यांना थोडा वेळ तसंच बघू दिलं. मग त्यांनी खाली पडलेला कासरा उचलला, खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "चाल बापू."

साऱ्या गावातून उत्तमराव जानरावांचे बैल घेऊन गेले. पुढे जानराव, छाती काढून. मागे कासरा धरून उत्तमराव, पिवळ्या फेट्यात. वाटेत हौदाजवळ शुभम गाडी उभी करून पुढची तबकडी रुमालाने पुसत होता आणि रुमालाचा वास घेत होता. बापाला पाहून तो म्हणाला, "बाबा, याले तूप कोनं लावलं?" उत्तमराव थांबले नाहीत.

जानरावांच्या दारात त्यांच्या पत्नी गोदाबाई ताट घेऊन वाटच बघत होत्या. पहिल्या मानाची ओवाळणी, त्यांच्या घरात पहिल्यांदाच. त्यांनी बैल ओवाळले. मग, बैल घेऊन जो गडी दारात येतो त्याला बोजारा द्यायचा असतो, म्हणून त्यांनी पदराच्या गाठीतून नोट काढली आणि कासरा धरलेल्या हातात ठेवली. मान वर करून कुणाचा हात आहे ते पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. जानरावांनी पाहिलं.

उत्तमरावांनी नोट कपाळाला लावली, गडी लावतात तशी, आणि खिशात ठेवली. कासरा जानरावांच्या हातात दिला. "नवल्याले डावीकडं बांधजो," ते म्हणाले. "उजवीकडं बांधला तं पानी पेत नाही तो."

मग ते निघाले. बैलांनी पाय उचलला, तेव्हा जानरावांनी घाईने त्यांना खुंट्याला बांधलं, दोघांनाही उजवीकडे. फाटकापाशी पोचल्यावर उत्तमराव थांबले आणि वळून मागे पाहत उभे राहिले. आता त्यांनी पाहायला काही हरकत नव्हती.